पाठीवरचं बिऱ्हाड, वहीतलं देणं

ह्युएनत्संगाचं एक जुनं चित्र आहे. चीन-जपानमध्ये त्याच्या अनेक आवृत्त्या पाहायला मिळतात. प्रवासी वेशातला भिक्खू चालतो आहे आणि पाठीवर वेताची उंच चौकट आहे. तिच्यात पोथ्यांच्या गुंडाळ्या रचलेल्या आहेत, वर डोक्यावर सावली धरणारं छप्पर. आजच्या कुठल्याही सॅकवाल्या पोराशेजारी हे चित्र ठेवलं, तर तेराशे-चौदाशे वर्षांचं अंतर क्षणात मिटतं. सातव्या शतकातला हा भिक्खू तांग दरबाराची परवानगी नसताना चोरून सीमा ओलांडून निघाला आणि ६४५ साली ६५७ ग्रंथ घेऊन परतला. वाटेत तो महाराष्ट्रातही येऊन गेला. इथली माणसं मानी आहेत, केलेले उपकार विसरत नाहीत आणि अडलेला कुणी दारी आला तर स्वतःचं बाजूला ठेवून धावतात, असं त्याने नोंदवलं आहे.

आशियातल्या बॅकपॅकिंगचा आढावा घ्यायला बसले, तेव्हा सगळ्यात आधी ही नोंद आठवली. कारण या प्रवासाबद्दल आपण बहुतेक वेळा जाणाऱ्याच्या बाजूने बोलतो: किती देश, किती दिवस, किती कमी पैशांत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं खरं, पण माणसाच्या पाठीवर मावतं ते फार थोडं. छप्पर, चूल, पाणी, भाषा हे सगळं मागे राहतं आणि ते वाटेवरच्या कुणीतरी द्यावं लागतं. म्हणून हा आढावा जितका चालणाऱ्यांचा, तितकाच देणाऱ्यांचाही आहे.

२०१९च्या जानेवारीपासून मी थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया आणि शेवटी नेपाळ अशी साडेतीन महिने फिरले. वय त्रेचाळीस, सॅक सात किलोची. सोबत एक वही. तिच्या डाव्या पानावर खर्च लिहायचा आणि उजव्या पानावर ‘देणं’, म्हणजे ज्याचे पैसे कुणी घेतले नाहीत ते सगळं.

इस्तंबूल ते काठमांडू

आधुनिक बॅकपॅकिंगचा धागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सापडतो. १९५७ साली ‘इंडियामन’ नावाची बस लंडनहून निघाली आणि जमिनीवरून कोलकात्याला पोचली. त्याच वर्षी इस्तंबूलच्या सुलतानअहमत भागात ‘लाले’ नावाचं रेस्तराँ निघालं. परदेशी पोरं त्याला ‘पुडिंग शॉप’ म्हणू लागली. तिथे भिंतीवर एक फळा होता. पूर्वेकडे निघालेल्या गाडीत जागा आहे का, अमका मित्र पुढे कुठे भेटेल, असल्या चिठ्ठ्या त्यावर टोचलेल्या असत. तिथून तेहरान, हेरात, काबूल, खैबर खिंड, पेशावर, लाहोर, अमृतसर, दिल्ली. पुढे एक फाटा काठमांडूच्या झोछें गल्लीकडे, जिला ‘फ्रीक स्ट्रीट’ हे नाव पडलं, आणि दुसरा गोव्याकडे.

१९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण जोडपं लंडनहून एका जुन्या गाडीतून याच वाटेने निघालं. गाडी काबूलमध्ये विकली, पुढचा प्रवास मिळेल त्या वाहनाने केला आणि ऑस्ट्रेलियात पोचले तेव्हा खिशात २७ सेंट उरले होते. लोक विचारू लागले, म्हणून १९७३ साली त्यांनी घरीच एक पुस्तिका तयार केली आणि हाताने पिना मारून विकली. ‘लोन्ली प्लॅनेट’ या प्रकाशनाचा जन्म त्यातून झाला. १९७५ साली आग्नेय आशियावरची त्यांची पिवळ्या मुखपृष्ठाची पुस्तिका आली आणि पुढच्या पिढीची वाट तिने आखून दिली.

जुनी वाट १९७९ साली बंद झाली. वर्षाच्या सुरुवातीला इराणमध्ये क्रांती झाली आणि डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. त्या काळच्या प्रवाशांच्या आठवणींत काबूलच्या चिकन स्ट्रीटवरची दुकानं असतात, अफगाण घरातला चहा असतो, अनोळखी माणसाला आग्रहाने बसवून घेणं असतं. ज्या माणसांनी जगभरच्या पोरांना तो चहा पाजला, त्यांच्यातल्या लाखोंना पुढे निर्वासित होऊन दुसऱ्यांच्या दारात उभं राहावं लागलं. या वाटेचा इतिहास सांगताना ही गोष्ट तळटीपेत टाकता येत नाही.

तांदूळबाजारातली गल्ली

पश्चिमेकडचं दार मिटल्यावर प्रवाह आग्नेय आशियाकडे वळला आणि बँकॉकची खाओसान गल्ली त्याचा नाका बनली. खाओसान म्हणजे कांडलेले तांदूळ. हा मुळातला तांदूळबाजार. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या काही घरांनी खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. आज ती जेमतेम चारशे मीटरची गल्ली जगभरच्या बॅकपॅकरांना पाठ असते. तिथून उत्तरेला चियांग माई, पुढे लाओस, मग हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा १७२६ किलोमीटरचा रेल्वेप्रवास, नंतर अंगकोर आणि परत बँकॉक असं वर्तुळ ठरून गेलं.

वाट ठरली की गर्दी येते, आणि गर्दीची किंमत यजमान मोजतो. ॲलेक्स गार्लंडची ‘द बीच’ ही कादंबरी १९९६ साली आली. २००० सालच्या चित्रपटातला तिचा किनारा म्हणजे फी फी बेटांमधली माया बे. तिथे दिवसाला हजारो माणसं येऊ लागली, होड्यांच्या नांगरांनी पोवळी मोडली. शेवटी २०१८च्या जूनमध्ये थायलंडने तो किनारा बंद केला आणि २०२२च्या जानेवारीत निर्बंध घालूनच उघडला.

लाओसमधल्या वांग विएंगला पोरं ट्रकच्या टायरच्या ट्यूबवर बसून नाम साँग नदीतून वाहत जायची. काठाकाठाने दारूचे अड्डे उभे राहिले आणि बुडून, खडकावर आपटून माणसं मरू लागली. २०१२ साली सरकारने ते अड्डे हटवले. त्याच गावात २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन सहा परदेशी प्रवासी दगावले. गावकऱ्यांना ही नदी मासे, पाणी आणि भातशेती देणारी. तिच्या काठावर आपल्या मुलांनी काय पाहावं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

कंबोडियात तर दयाबुद्धीनेही घात केला. अनाथालयाला भेट देणं, चार दिवस मुलांना इंग्रजी शिकवणं हा प्रवासाचा भाग झाला आणि अनाथालयं झपाट्याने वाढली. त्यांतल्या बहुतांश मुलांचे आई किंवा वडील हयात होते. ‘मुलं ही पर्यटनस्थळं नाहीत’ हे सांगायला तिथल्या कार्यकर्त्यांना मोहीम काढावी लागली. चार दिवस लळा लावून निघून जाणं मुलासाठी किती जड असतं, हे मनात भलं असणाऱ्यांनी आधी समजून घ्यायला हवं.

मेकाँगवरचे दोन दिवस

थायलंडमधून लाओसमध्ये शिरल्यावर हुए साय गावाहून लुआंग प्रबांगला लांबलचक लाकडी होडीने जाता येतं. दोन दिवस लागतात. होडीत जुन्या मोटारींतून काढलेल्या सीटा मांडलेल्या असतात, जमिनीला न ठोकलेल्या, त्यामुळे सगळे आपापली सीट सरकवत सावलीत जातात. मधल्या मुक्कामाचं गाव पाकबेंग. चढ्या काठावरचं हे छोटं गाव बरंचसं या एका रात्रीच्या प्रवाशांवरच चालतं.

मी शाकाहारी आहे. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ हा एक शब्द पुरतो. चांद्रमासातल्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथली अनेक घरं स्वतःच ‘चाय’ जेवतात, आपल्याकडे एकादशी-चतुर्थी पाळतात तशी. लाओसमध्ये मात्र माशाचं पाणी जवळपास प्रत्येक पदार्थात पडतं. होडीतल्या एका तरुणाने मला कागदावर लाओ लिपीत लिहून दिलं आणि तोंडपाठ करून घेतलं: ‘बो साय नाम पा’, म्हणजे माशाचं पाणी घालू नका.

पाकबेंगच्या मालकीणबाईंनी तो कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि पत्र्याच्या पडवीतल्या शेगडीशी बसल्या. निखाऱ्यावर टोमॅटो, लसणाच्या अख्ख्या पाकळ्या आणि हिरव्या मिरच्या भाजल्या. साल काळी पडून फुटायला लागल्यावर सगळं मातीच्या उखळात घातलं, मीठ टाकलं आणि लाकडी मुसळाने ठेचायला लागल्या. टप् टप् असा दबका आवाज. त्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. फलटणला आमच्या स्वयंपाकघरात दर दोन दिवसांनी हाच वास असायचा. हा सरळसरळ ठेचा होता, फक्त टोमॅटो जास्त. बांबूच्या झाकणाच्या टोपलीतून चिकट भात आला. मी सॅकमधली मेतकुटाची डबी काढली. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं, मान हलवली आणि भाताचा गोळा त्यात बुडवून दुसरा घास घेतला. सकाळी हिशेब केला तेव्हा खोलीचे पैसे त्यांनी मोजून घेतले. जेवणाचे देऊ लागले तर माझी मूठ मिटवून हात मागे सारला. उजव्या पानावरची पहिली नोंद ती: पाकबेंग, ठेचा.

डोंगरातली चूल

नेपाळमधल्या डोंगरवाटांवर खोली नाममात्र भाड्याने मिळते, मात्र जेवण तिथेच घ्यायचं ही रीत असते. जसजसं वर जावं तसतसे भाव चढतात. घोरेपानीला मी उकळलेल्या पाण्याच्या थर्मासवरून घासाघीस केली आणि पन्नास रुपये कमी करून घेतले. दुसऱ्या दिवशी उतरताना पायऱ्यांवर वाट सोडून भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. गळ्यात घंटा बांधलेली खेचरं एकामागून एक चढत होती, प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना गॅसचे सिलिंडर. मागून एक माणूस कपाळावर नाम्लोचा पट्टा घेऊन, डोकोची टोपली पाठीवर लादून मान खाली घालून चढत होता. माझं पाणी ज्यावर उकळलं ते इंधन असं वर येत होतं. ते पन्नास रुपये मी उजव्या पानावर लिहिले. ती नोंद मला अजून टोचते.

डोंगराची खरी किंमत २०१४च्या ऑक्टोबरमध्ये दिसली. विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद चक्रीवादळाचा उरलेला जोर हिमालयात पोचला आणि अन्नपूर्णा फेरीवरच्या ५४१६ मीटर उंच थोराँग ला खिंडीच्या परिसरात हिमवादळाने चाळीसहून अधिक जणांचा बळी घेतला. त्यांत परदेशी ट्रेकर होते, तसेच नेपाळी वाटाडे आणि भारवाहकही होते. एकट्या परदेशी ट्रेकरने परवानाधारक वाटाड्या घेतलाच पाहिजे, असा नियम नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून केला. स्वातंत्र्यावर घाला म्हणून काहींनी तक्रार केली. पण हरवलेल्याला शोधायला रात्री बर्फात कुणाचा मुलगा जातो, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

शिक्क्याचा मान

एका सीमेवर माझ्यापुढचे दोन जर्मन तरुण अर्ध्या मिनिटात पुढे गेले. मला बाजूला उभं केलं. परतीचं तिकीट, राहायचं बुकिंग, सगळं दाखवून झाल्यावर जवळचे डॉलर रांगेसमोर मोजायला लावले. चाळीस मिनिटांनी शिक्का बसला. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्या बहुतेकांच्या गाठीशी असा एखादा प्रसंग असतो. आता काही दारं सैल झाली आहेत. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये थायलंडने आणि डिसेंबरमध्ये मलेशियाने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. सॅक घेऊन निघणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली आहे. ह्युएनत्संगालाही परवाना नव्हता. प्रवासाची मोकळीक सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे ज्याने रांगेत उभं राहून अनुभवलं, त्याने परक्या गावात वागताना जास्त हळुवार असायला हवं.

आपलं दार

आणि आपण नुसते पाहुणे नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून गोव्यातल्या हणजुणे, वागातोरच्या मासेमार खारवी आणि माडी काढणाऱ्या रेंदेर घरांनी या वाटेच्या पोरांना खोल्या दिल्या, विहिरीचं पाणी दिलं. त्यातून घरं चालली, मुलं शिकली. पुढे अमली पदार्थ, रात्रभराचा गोंगाट आणि जमिनींचे चढे भावही त्याच घरांच्या वाट्याला आले. वांग विएंगच्या माणसाला काय वाटत असेल, हे हणजुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

अशा वेळी इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र मला मोलाचं वाटतं. म्यानमारमध्ये वाढलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात येऊन विपश्यना शिकवू लागले, तेव्हा या जुन्या वाटेने आलेले अनेक परदेशी तरुण त्यांच्या शिबिरांना बसले. धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे. दहा दिवसांच्या शिबिराचं शुल्क नसतं. तुमच्या जेवणाचा आणि निवासाचा खर्च आधी येऊन गेलेल्या साधकांच्या दानातून होतो, आणि तुमची इच्छा असेल तर पुढच्यासाठी तुम्ही देता. ज्याने दिलं त्याला परत करायचं नसतं, पुढच्याला द्यायचं असतं.

आमच्या फलटणला हे नवीन नाही. माउलींची पालखी मुक्कामाला आली की घरात वारकरी उतरायचे आणि आई पिठलं-भाकरी आणि ठेचा वाढायची. कोण, कुठले हे कधी विचारलं गेलं नाही. आता आईच्याने खलबत्ता उचलत नाही. गेल्या आषाढात सहा जण होते. ठेचा मी केला, थोडे टोमॅटो भाजून घालून.

दिवाळीत वहीपूजनाला आमच्या दुकानाच्या वह्यांशेजारी मी ती प्रवासाची वही ठेवते. घोरेपानीच्या पन्नास रुपयांखालची जागा अजून कोरी आहे. ‘पाकबेंग, ठेचा’ या नोंदीखाली मात्र यंदा एक ओळ आली: आषाढ, फलटण, सहा वारकरी. ‘फिटलं’ असं लिहिलेलं नाही. नुसती तारीख घातली आहे.