आधी कान, मग जीभ

मैत्रिणींनो, हातातलं काम घटकाभर बाजूला ठेवा आणि तळहात ओठांसमोर धरून आधी ‘पळ’ म्हणा, मग ‘फळ’. दुसऱ्या वेळी हाताला हवेचा झोत लागला ना? आता गळ्यावर बोट ठेवून नुसता ‘सऽऽ’ लांबवा. बोटाला काही कळत नाही. ओठ मिटून ‘मऽऽ’ म्हणा, गळा तंबोऱ्यासारखा थरथरतो. तो ‘म’ चालू असताना नाक चिमटीत धरलंत, तर आवाज जागच्या जागी बंद! (हे घरात कुणी नसताना करा, नाहीतर सासूबाई काळजीत पडायच्या.)

आपलं बोलणं ते एवढंच. छातीतून येणारा वारा, गळ्यातल्या स्वरतंतूंची थरथर, आणि जीभ, टाळू, दात, ओठ यांनी त्या वाऱ्याची केलेली अडवणूक. आपल्या पूर्वजांनी हे किती बारकाईनं पाहिलं होतं, ते मुलांच्या अंकलिपीतच दिसतं. ‘क’चा वर्ग घशाजवळ, ‘च’चा टाळूला, ‘ट’चा जीभ वर वळवून, ‘त’चा दातांशी आणि ‘प’चा ओठांवर. वर्णमाला अशी आतून बाहेर येते.

पण जिभेला हे शिकवतं कोण? कान. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले ‘च’ निराळे आहेत. अक्षर एकच, तरी आपण ते कधी चुकत नाही, कारण ते ऐकत मोठ्या झालो. माझी लखनौकडची शेजारीण इतकी वर्षं इथं राहून ‘बाळ’ला ‘बाल’च म्हणते. तिची जीभ चांगली तिखट आहे हो! पण तिच्या लहानपणी घरात ‘ळ’ कुणी म्हणतच नव्हतं.

कान हे धडे फार लवकर घेतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली कॅनडातल्या प्रयोगांबद्दल लिहिलं. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या ६ ते ८ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक कळत होता. १० ते १२ महिन्यांच्या बाळांना मात्र तो जवळजवळ कळेनासा झाला होता. घरात जे ऐकू येतं तेवढं कान ठेवतो, बाकीचं सोडून देतो. पहिला वाढदिवस व्हायच्या आत हे सगळं!

म्हणूनच दोन वर्षांचं मूल बोलत नसलं, की जिभेला वेखंड उगाळून लावत बसणं मला पटत नाही. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘त्याचे वडीलही असेच होते’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. त्यात वर्ष जातं, आणि नेमकं तेच वर्ष मोलाचं असतं. ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतं, त्यामुळे घरचे फसतात. ताट पडल्यावर दचकलं, म्हणजे कान ठीक, असंही समजू नका. दणदणीत आवाज कळतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ असे हलके आवाज निसटतात, असंही होतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. शुद्धलेखनात ‘सात’चं ‘तात’, ‘शाळा’चं ‘ताळा’. ‘लक्ष देत नाही’ हा शेरा प्रगतिपुस्तकात आधीपासूनच होता. मी फळ्याकडे तोंड करून बोलले की ती शेजारणीच्या वहीत डोकवायची. तिच्याकडे बघून बोलले की बरोबर लिहायची. कान तपासून घ्या म्हटल्यावर तिच्या आईला रागच आला. मुलीच्या कानाचा बोभाटा झाला तर पुढे लग्नाच्या वेळी काय, ही धास्ती! महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी गेल्या. सारख्या सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. उपचारानंतर पोरगी मागच्या बाकावरून उत्तरं द्यायला लागली.

ओठ बघून ऐकणं आपण सगळेच करतो. मॅगर्क आणि मॅक्डोनाल्ड यांनी १९७६ साली एक गंमत दाखवली. पडद्यावर ओठ ‘ग’ म्हणणारे आणि आवाज ‘ब’चा, तर बघणाऱ्या बऱ्याच जणांना ऐकू आला ‘द’! तेव्हा स्वयंपाकघरातून ओरडून बोलण्यापेक्षा मुलासमोर बसून बोला.

नवजात बाळाचे कान पहिल्या महिन्यातच तपासता येतात. बाळ झोपलेलं असतानाही तपासणी होते, सुई नाही की काही नाही. दोष वाटला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय सुरू व्हावेत, असं तज्ज्ञ सांगतात. सरकारच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मजात बहिरेपणाचाही समावेश आहे. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे.

तीन वर्षांचं मूल ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणत असेल तर घाबरू नका, ‘र’ उशिराच येतो. मात्र बोलणं घरच्यांनाही कळत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर थांबू नका. कानात तेल मात्र घालू नका.

डॉक्टरांकडे जाताना मुलाला येणारे शब्द कागदावर लिहून न्या, ते म्हणतं तसेच. ‘काकू’ला ‘तातू’ म्हणत असेल तर ‘तातू’च लिहा. गेल्या वर्षात कान किती वेळा दुखला, सर्दी किती दिवस टिकली, तेही त्याच कागदावर असू द्या.