विदाच्या किल्ल्यात वसईची आडनावे

नालासोपारा पूर्वेला, तुळिंज रोडवर किंवा प्रगतीनगरात, आफ्रिकेतून आलेला माणूस दिसला की त्याची ओळख एका शब्दात उरकते: 'नायजेरियन'. तो घानाचा असो, आयव्हरी कोस्टचा असो, नाव तेच. पश्चिम आफ्रिकेत सर्वाधिक लोकसंख्या नायजेरियाची, त्यामुळे अंदाज बऱ्याचदा बरोबरही ठरतो. पण त्या एका शब्दाखाली आजूबाजूचे देश झाकले जातात. त्यातलाच एक बेनिन. नायजेरियाच्या पश्चिम सीमेला लागून असलेला, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडा मोठा, जेमतेम १२० किलोमीटर किनारा असलेला हा देश. तिथे सहलीला जायचे म्हटले तर बॅग भरण्याआधी काही समजुती बाजूला काढाव्या लागतात.

पहिला घोटाळा नावातच आहे. 'बेनिनचे ब्राँझ' म्हणून जगभर गाजलेली धातुशिल्पे बेनिन देशातली नाहीत. ती बेनिन राज्यातली, आणि त्या राज्याची राजधानी बेनिन सिटी आज नायजेरियात आहे. १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेने ती तिथून लुटून नेली. बेनिन देशाचे जुने नाव दाहोमे. १ ऑगस्ट १९६० ला तो फ्रान्सपासून स्वतंत्र झाला आणि १९७५ मध्ये त्याने किनाऱ्यासमोरच्या बेनिनच्या आखातावरून नवे नाव घेतले. हा फरक तिकीट काढतानाच कळलेला बरा, कारण बेनिन सिटीलाही विमानतळ आहे. बेनिन देशात उतरायचे ते कोटोनूला. राजधानी पोर्तो-नोव्हो असली तरी सरकारचा कारभार चालतो कोटोनूतूनच. मुंबईहून थेट विमान नाही, अदिस अबाबासारख्या ठिकाणी बदलावे लागते.

दाहोमेचीही लूट झालीच होती, पण ती फ्रेंचांनी केली. १८९२ मध्ये दाहोमेच्या राजांच्या अबोमे इथल्या राजवाड्यातून नेलेल्या वस्तूंपैकी २६ वस्तू नोव्हेंबर २०२१ मध्ये परत आल्या. त्यात राजांची सिंहासने आहेत आणि अर्धा माणूस, अर्धा शार्क अशा रूपातला बेहानझिन राजाचा पुतळाही आहे. अबोमेचे राजवाडे १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

वसईकरांना खिळवून ठेवेल असे गाव मात्र विदा, कोटोनूच्या पश्चिमेला. पोर्तुगीजांचा भारतातला पसारा गोव्यापुरता नव्हता, हे वसईत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत ते इथे होते. त्याच पोर्तुगीजांनी १७२१ मध्ये विदाला साँव जुआंव बाप्तिस्ता द आजुदा हा छोटा किल्ला बांधला. भोवतालचा सारा मुलूख फ्रेंचांकडे गेल्यावरही पोर्तुगालने तो सोडला नाही. शेवटी दाहोमेच्या सरकारने मुदत घालून दिली आणि जुलै १९६१ च्या अखेरीस तिथल्या पोर्तुगीजांनी जाताजाता किल्ल्याला आग लावली. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. दोन किनाऱ्यांवरून एकच सत्ता पाच महिन्यांच्या आत उठली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी.

तिथली आडनावेही वसईकराच्या कानाला ओळखीची वाटतील: डिसोझा, डिसिल्वा, डिअल्मेडा. नाते रक्ताचे नाही. इकडे ती धर्मांतराबरोबर आली, तिकडे ब्राझीलहून आलेल्या व्यापाऱ्यांबरोबर आणि गुलामीतून सुटून परतलेल्या कुटुंबांबरोबर. त्या व्यापाऱ्यांतला सर्वांत बडा फ्रान्सिस्को फेलिक्स डिसोझा. तो माणसांचा व्यापार करायचा आणि दाहोमेचा राजा गेझो याच्या मर्जीतला होता. गुलामांचा व्यापार फक्त गोऱ्यांनी केला, हा समज इथे टिकत नाही. लढाईत पकडलेली माणसे दाहोमेचे राजे स्वतः विकत. विदाच्या किनाऱ्यावरून सुमारे दहा लाख माणसे जहाजांत कोंबली गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. गावातून समुद्राकडे जाणारा तो रस्ता आजही चालत जाता येतो. त्याच्या टोकाला वाळूत १९९५ मध्ये उभारलेली एक कमान आहे, 'न परतीचे दार'. पर्यटनस्थळ म्हणून तिथे सेल्फी काढण्याआधी एवढे माहीत असावे.

आता सर्वांत हट्टी गैरसमज: वुडू म्हणजे काळी जादू. बाहुलीत टाचण्या टोचणारा मांत्रिक सिनेमा आणि कादंबऱ्यांनी डोक्यात बसवला. बेनिनमध्ये व्होदुन हा उघडपणे पाळला जाणारा धर्म आहे आणि जानेवारीत त्याच्या सणाची राष्ट्रीय सुट्टी असते. त्यात वीज-पावसाची देवता आहे, देवी रोगाची देवता आहे, नाग आहे. विदाला अजगरांचे मंदिरच आहे. ज्या मुलुखात नागपंचमीला वारुळाला दूध वाहतात, तिथल्या माणसाला यात भिण्यासारखे काय वाटावे?

याच किनाऱ्यावर मराठी प्रवाशाला थबकायला लावेल असे काही भिंतींवर रंगवलेले असते. विसाव्या शतकात भारतीय देवदेवतांची छापील चित्रे व्यापारातून पश्चिम आफ्रिकेत पोहोचली. टोगो-बेनिनच्या भक्तांना त्यांत आपल्या जलदेवता दिसल्या. हेन्री ड्रूअल आणि डेना रश या कला-इतिहासकारांनी त्याची तपशीलवार नोंद केली आहे. तीन मुखे, सहा हात, पायाशी कुत्री, मागे गाय: औदुंबराखालच्या दत्तात्रेयांचे हे चित्र तिथे 'देन्सू' नावाच्या जलदेवतेचे रूप झाले. नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्या घरात जी तसबीर असते, तीच तिथे वेगळ्या नावाने पुजली जाते. याला नक्कल म्हणणे उथळपणाचे ठरेल. परक्या चित्रात आपला देव ओळखण्याची ती नजर आहे.

तयारीतल्या समजुतींकडे वळू. पीतज्वराची लस ही फक्त 'तिकडची अट' आहे असे पुष्कळांना वाटते. बेनिनला तिचा दाखला लागतोच, पण परत येताना भारतालाही तो लागतो. आपल्याकडे हा रोग नाही, मात्र तो पसरवणारा एडिस डास आहे, म्हणून हा काटेकोरपणा. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनेची केंद्रे आहेत. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी ती टोचून घ्यायची. एकदा घेतली की २०१६ पासूनच्या नियमानुसार दाखला आयुष्यभर चालतो. मलेरियाशी या लसीचा संबंध नाही. त्यासाठीच्या गोळ्या डॉक्टरांकडून वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात.

इंग्रजीवर आणि डॉलरवर भिस्त ठेवू नये. कारभार फ्रेंचमध्ये, बाजार फॉनमध्ये आणि योरुबामध्ये. चलन सीएफए फ्रँक, युरोशी ६५५.९५७ या दराला बांधलेले, म्हणून युरो नेणे सोयीचे. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन करता येतो. शहरात फिरायला 'झेमिजान', म्हणजे भाड्याची मोटारसायकल. भाडे बसण्याआधीच ठरवायचे.

खाण्याचीही भीती नको. चवळी वाटून तळलेले 'आकारा' नावाचे वडे रस्त्यावर मिळतात आणि फुलानी गुराख्यांचे वागासी हे चीज पनीरच्या जवळचे. घनदाट जंगलाची अपेक्षा मात्र सोडावी. पश्चिम आफ्रिकेच्या वर्षावनाचा पट्टा नेमका इथे तुटतो आणि गवताळ प्रदेश थेट समुद्रापर्यंत येतो. दक्षिणेत पावसाळे दोन, एप्रिल ते जुलै आणि पुन्हा सप्टेंबरच्या सुमारास. डिसेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा काळ, तेव्हा सहारातून धूळ घेऊन हरमॅटन वारा येतो. राजोडीच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्याने तिथल्या समुद्रात उतरू नये, ओढ फार जबर असते.

सुरक्षेबाबत 'आफ्रिका धोक्याची' हे जितके चुकीचे, तितकेच 'सगळीकडे निर्धास्त फिरा' हेही. कोटोनू, विदा, अबोमे आणि नोकुए सरोवरावरचे खांबांवर वसलेले गान्व्हिए या दक्षिण भागात पर्यटक जातात. उत्तरेकडच्या पेंजारी अभयारण्यातून २०१९ मध्ये दोन फ्रेंच पर्यटकांचे अपहरण झाले. नंतर बुर्किना फासो आणि नायजर सीमेलगत जिहादी गटांचे हल्ले वाढले. सिंह बघायला म्हणून उत्तरेचा बेत आखू नये.

परतीच्या वेळी लसीच्या दाखल्याचे ते छोटे पिवळे पुस्तक पासपोर्टच्या आतच ठेवावे, चेक-इनच्या बॅगेत नव्हे. मुंबईला उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या टेबलाशी ते आधी मागतात, पासपोर्ट नंतर.