शस्त्र परवाना समजून घेताना (भाग 6) : प्रमाणपत्र एकदाचे, परवाना मुदतीचा

नव्या अर्जाला कोणकोणते कागद लागतात, ते मागच्या भागात पाहिले. त्यातल्या सुरक्षा प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राविषयी आज सविस्तर बोलू. प्रशिक्षण झाले, प्रमाणपत्र मिळाले, परवाना हाती आला, म्हणजे आता कटकट संपली, अशी अनेक परवानाधारकांची समजूत असते. या समजुतीने भलीभली माणसे अडचणीत येतात.

1959 च्या शस्त्र कायद्याखाली 2016 मध्ये नवे शस्त्र नियम आले आणि त्यांनी अर्जदारावर प्रशिक्षणाची अट घातली. शस्त्र हाताळायचे आणि सोबत न्यायचे कसे, गोळी झाडायची कशी, निगा कशी राखायची, घरात कुठे आणि कसे ठेवायचे, कायदा काय सांगतो, हे सगळे त्या अभ्यासक्रमात येते. पण हे शिकलो, एवढेच प्रमाणपत्र सिद्ध करते. बंदूक बाळगण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तो परवान्यातून मिळतो आणि परवान्याला तारीख असते. पूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. 2019 च्या दुरुस्तीने ती पाच वर्षे झाली आणि ही दुरुस्ती त्याच वर्षी 14 डिसेंबरपासून लागू आहे. परवाना संपला असेल, तर कालच मिळालेले प्रमाणपत्रही तुम्हाला वाचवणार नाही.

प्रमाणपत्राच्या मुदतीबाबत जगात एकच रीत नाही. कॅनडात सुरक्षा अभ्यासक्रम एकदा उत्तीर्ण झाला की तो कायमचा धरला जातो, परवाना मात्र दर पाच वर्षांनी नवा करावा लागतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात बंदूक घेण्यासाठी लागणारे सुरक्षा प्रमाणपत्रच पाच वर्षांनी संपते. मला दुसरी रीत पटते. वीस वर्षांपूर्वी शिकलेला हात आज तितकाच सावध असेल, याची खात्री कोण देणार?

हा प्रश्न आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात जास्त जवळचा आहे. आर्मर्ड कोअर सेंटर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे केंद्र इथे असल्याने लष्कराशी या शहराचे नाते जुने आहे. निवृत्त झालेला जवान बँकेच्या दारात किंवा रोकड नेणाऱ्या गाडीवर बंदूकधारी रक्षक म्हणून उभा राहतो, तेव्हा त्याचा परवाना हीच त्याची भाकरी असते. नूतनीकरण राहिले की कामही गेले. शिवाय इन्सास रायफलवर तयार झालेल्या हाताला दुनळी बारा बोअर आपोआप येत नाही. तिची नळी मोडून काडतूस भरणे आणि पाळी संपल्यावर ती रिकामी करणे, या सवयी वेगळ्या आहेत. लष्करात शिकलोय, आता काय शिकायचे, असे म्हणणाऱ्या माजी सैनिक बांधवांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की नूतनीकरणाच्या वेळी कोणी मागो न मागो, एक उजळणी कराच.

याच क्षेत्रातली एक घटना वाचकांना आठवत असेल. नोव्हेंबर 2024 मध्ये लष्करी गुप्तचर विभाग आणि जिल्हा पोलिसांनी जम्मू-काश्मीरमधल्या काही जणांना अटक केली. बनावट परवान्यांवर बारा बोअरच्या बंदुका घेऊन ते सुरक्षा रक्षकाची नोकरी करत होते, असा पोलिसांचा आरोप होता. रक्षक नेमणाऱ्यांनी परवान्याची छायाप्रत फाइलला लावून समाधान मानू नये. परवान्याची नोंद राष्ट्रीय संगणकीय यादीत होते आणि त्याला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. तो क्रमांक, देणारे कार्यालय आणि मुदत पडताळून पाहणे हे मालकाचे काम आहे.

आता नूतनीकरणाकडे वळू. आपल्याकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, अर्थात जिल्हाधिकारी. मुदत संपण्याच्या किमान साठ दिवस आधी अर्ज करायचा असतो. पोलिसांचा अहवाल मागवला जातो, त्याला वेळ लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ करून काही साधत नाही. नूतनीकरण नाकारले गेले, तर नाशिकला विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.

आणि तारीख उलटूनच गेली तर? कायद्याचे कलम 21 स्पष्ट आहे. बंदूक घरात न ठेवता विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. कपाटात कुलूपबंद आहे, कोणाला त्रास नाही, हा बचाव चालत नाही. विनापरवाना शस्त्र बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे आणि मुदत संपलेला परवाना म्हणजे परवाना नसणेच.

निवडणुकीच्या काळात एक चूक हमखास होते. आचारसंहितेत पोलिसांच्या नोटिशीवरून शस्त्र जमा केले जाते. ते ठाण्यात सुरक्षित आहे म्हणून मालक निर्धास्त होतो आणि त्याच काळात परवान्याची तारीख निघून जाते. शस्त्र जमा केल्याने परवान्याची मुदत थांबत नाही. नूतनीकरणाचा अर्ज वेळेवर करावाच लागतो.

पुढच्या भागात पीक संरक्षणासाठीचा परवाना आणि संगमनेर-अकोल्याकडचा बिबट्याचा प्रश्न पाहू. त्याआधी एवढे करा: घरातला परवाना बाहेर काढा, मुदतीची तारीख वाचा आणि तिच्या साठ दिवस आधीच्या तारखेवर भिंतीवरच्या कॅलेंडरात खूण करा. वडिलांच्या नावावर बंदूक असेल आणि त्यांना कागद वाचणे जमत नसेल, तर हे काम मुलांनी आजच करावे.