बूड शाबूत आहे का?

एप्रिलचे शेवटचे दिवस होते, सकाळची शाळा सुटली होती. लाखनीकडून भंडाऱ्याला परतताना गडेगाव मागे पडलं आणि डॅशबोर्डवर तापमानाचा लाल दिवा लागला. साडेअकराचं ऊन. कडेला थांबावं तर सावली नाही. पुढे एखादा ढाबा लागेल, तिथे थांबू, असं म्हणत मी चार किलोमीटर तशीच दामटली. मग गाडीतलं बळच गेलं. आरशात पांढऱ्या धुराचा लोट दिसला आणि बॉनेटखालून वाफेचा आवाज येऊ लागला.

गाडी 2011 ची, डिझेलची, एमएच 36 पासिंगची, 1 लाख 64 हजार किलोमीटर चाललेली. टोचन करून भंडाऱ्यात आमच्या मिस्त्रीकडे नेली. त्यांनी ऑइलचं झाकण उघडून माझ्यासमोर धरलं. आत दुधाच्या चहासारखा फेस. "मॅडम, दिवा लागला तवाच बंद कराची होती. पानी ऑइलात गेलं." कारण निघालं रेडिएटरच्या खालच्या रबरी पाइपाला गेलेली चीर. त्यातून पाणी थेंबथेंब गळत होतं आणि कित्येक महिन्यांत मी कूलंटच्या बाटलीकडे पाहिलंही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तीन आकडे हातात आले. हेड काढून दुरुस्ती, 48 हजार. पिस्टन-रिंगांसकट पूर्ण इंजिन काम, 95 हजार. कबाडातलं दुसरं इंजिन बसवणं, मजुरी धरून 60 हजार. गाडी चालू स्थितीत विकली असती तर पावणेदोन लाख आले असते. आता आहे तशी उचलायला एक जण 60 हजार द्यायला तयार होता.

स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं. बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेलं की गाडी काढून टाकायची. हा हिशेब इतक्या तोंडांतून ऐकू येतो की तो नियमच वाटू लागतो. मला तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. बाजार माझ्या गाडीला काय देतो, हा मला ती विकायची असेल तेव्हाचा प्रश्न. मला तर जूनमध्ये शाळेत जायचं होतं. जाऊन-येऊन 52 किलोमीटर रोजचे, शिवाय दीड महिन्यातून एकदा सासूबाईंना घेऊन नागपूर. हे पुढच्या तीन वर्षांतले किलोमीटर सगळ्यात कमी पैशांत आणि बिनघोर कसे होतील, एवढंच मला ठरवायचं होतं.

पण त्याआधी आणखी एक गोष्ट कळायला हवी होती, आणि ती मला माझ्या आजीमुळे सुचली.

भंडारा पितळेच्या भांड्यांचं गाव. आजीकडे पाण्याचा मोठा गुंड होता. तो गळू लागला की ती कासाराकडे न्यायची. कासार आधी भोक बघत नसे. गुंड उलटा करून अंगठ्यानं बूड दाबून बघायचा, बोटाच्या पेरानं वाजवून ऐकायचा. पत्रा जाड असेल तर डाख लावून द्यायचा. पत्राच झिजला असेल तर म्हणायचा, आजी, मोड घ्या. एक भोक बुजवलं तर शेजारी दुसरं पडेल. मोडीत काढणं हा शब्द आपण गाडीला वापरतो तो भांड्यांकडूनच आलेला, मात्र मोडीत काढण्याआधी बूड दाबून बघायची रीत आपण तिथेच सोडून आलो.

इंजिनाचं बूड म्हणजे ब्लॉक. माझ्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे आणि त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. दोघांच्या मध्ये गॅस्केट. ॲल्युमिनियम तापलं की बिडापेक्षा जास्त फुगतं. पाणी भरपूर असेल तोवर सगळं ताब्यात असतं. पाणी संपलं की हेड फुगतं, पण बोल्टांनी आवळलेलं असल्यामुळे त्याला जागा मिळत नाही, म्हणून ते वाकतं. केसभर वाकलं तरी गॅस्केटची पकड सुटते आणि पाणी, ऑइल, सिलिंडरमधला दाब एकमेकांत शिरतात. माझ्या गाडीत हे झालं होतं, यात शंका नव्हती. मात्र हे भोक झालं. खालचा पत्रा कसा आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि तरीही तिन्ही आकडे छातीठोकपणे सांगितले जात होते.

मिस्त्रींना मी विचारलं, नुसतं हेड खोलून बघायचे किती घ्याल? ते म्हणाले, "सहा हजार. खोलल्याशिवाय काई सांगता येत नाई." आमचं ठरलं की उघडल्यावर मी पुढचं काम करायला बांधील नाही, केलं तर सहा हजार बिलातून वजा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात शहाणपणानं खर्चलेला पैसा हाच. ज्यांना मोठ्या दुरुस्तीचं बिल सांगितलं गेलं आहे त्यांनी आधी हे विचारावं: हा आकडा मोजून सांगता की अंदाजानं?

चौथ्या दिवशी त्यांनी बोलावलं. हेड बाकावर उलटं ठेवलं होतं. त्यावर पोलादी पट्टी उभी धरून त्यांनी पट्टीखालून बारीक पात्याचं गेज सरकवलं. कडेला ते जात नव्हतं, मधे सहज गेलं. वाकलेलं हेड म्हणजे काय ते मला डोळ्यांनी दिसलं. मग त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "आता भांड्यात पाहा." सिलिंडरला ते भांडं म्हणतात. मी वाकून पाहिलं. आतली भिंत चकचकीत असेल असं मला वाटलं होतं, पण तिच्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी होती. ही जाळी कारखान्यात मुद्दाम कोरलेली असते, तिच्यात ऑइल धरून राहावं म्हणून. रिंगा घासून घासून इंजिन संपत आलं की ती पुसली जाते आणि भिंत आरशासारखी होते. 1 लाख 64 हजार किलोमीटरनंतरही चारही भांड्यांत जाळी शाबूत होती. नख फिरवलं तर वरच्या काठाशी खाच लागत नव्हती.

95 हजारांचं काम तिथेच बाद झालं. मग खालचं चेंबर उतरवून क्रँकची बेअरिंगं पाहिली. पाणी मिसळलेलं ऑइल सगळ्यात आधी त्यांनाच खातं. दोन शेलांवर ओरखडे होते. सगळ्याच जोड्या बदलायचं ठरलं. गाडी मी आणखी दहा किलोमीटर रेटली असती तर क्रँकच घासला असता आणि मला हा लेख वेगळा लिहावा लागला असता. हेड नागपूरला लेथवर गेलं, आधी तडा आहे का ते दाबाच्या पाण्यात तपासलं, मग फेसिंग झालं. नवे हेड बोल्ट, गॅस्केट, टायमिंग चेन, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळे रबरी पाइप. एकूण 56 हजार. विमा यात एक रुपया देत नाही. झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाहीत.

कबाडातल्या इंजिनाला मी आधीच नाही म्हटलं होतं. त्याचं बूड कोणी दाबून पाहिलं नव्हतं, ते कुठल्या अपघातातून आलं ते विकणाराही सांगू शकला नाही. शिवाय इंजिन बदललं की आरसीवर नवा इंजिन क्रमांक चढवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी त्या इंजिनाचे कागद लागतात. एका गोष्टीत मात्र माझं नशीब होतं. माझ्या गाडीतलं 1248 सीसीचं इंजिन मूळ फियाटचं, आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावातही बनलेलं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत हेच इंजिन होतं. 2020 च्या एप्रिलमध्ये बीएस-6 आलं आणि नव्या गाड्यांतून ते गेलं, पण इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की सुटे भाग नागपुरात सहज मिळतात आणि ते खोललेला मिस्त्री तालुक्याच्या गावातही सापडतो. तेच जर मोजक्याच विकल्या गेलेल्या एखाद्या गाडीचं इंजिन असतं, तर ब्लॉक कितीही चांगला असला तरी मी दहादा विचार केला असता.

आता पैशांचं. वहीत मी असं मांडलं. दुरुस्ती 56 हजार. पुढच्या तीन वर्षांत क्लच, सस्पेंशनचे बुश, 15 वर्षं पूर्ण झाल्यावरचं नोंदणी नूतनीकरण आणि पर्यावरण कर, मिळून 35 हजार. आज न विकल्यामुळे हातचे गेले ते 60 हजार. तीन वर्षांनी गाडी विकून येतील असे 80 हजार वजा. राहिले 71 हजार, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आत. दुसरीकडे साडेसहा लाखांची लहान नवी गाडी. 5 लाखांचं कर्ज, 9 टक्के, 5 वर्षं, हप्ता सुमारे 10,380. हप्ता म्हणजे खर्च नव्हे, शेवटी गाडी आपली होते, हे मान्य. म्हणून तीन वर्षांचं व्याज, जवळपास एक लाख, आणि तेवढ्या काळात गाडीची उतरणारी किंमत, माझ्या अंदाजानं सव्वादोन लाख, एवढंच धरलं. तरी महिन्याला नऊ हजार.

आणि दुरुस्ती फसली तर? ही भीती सगळ्यांत मोठी असते, म्हणून तिलाही आकडा लावला. 56 हजार आणि किरकोळ दहा, असे 66 हजार घालून गाडी पुन्हा बंद पडली आणि पुन्हा साठाला गेली, तर ती किती महिने चालली म्हणजे मी नव्या गाडीच्या मानानं तोट्यात नाही? आठ. आठ महिने तर ती चालेल, असं ती जाळी पाहिल्यावर मी म्हणू शकत होते.

तुमसरला माझे दीर आहेत. त्यांच्या 2008 च्या पेट्रोल गाडीला 70 हजारांचं काम निघालं, तेव्हा त्यांनीही हीच वही मागितली. त्यांची गाडी वर्षाला अडीच हजार किलोमीटर चालते, तीही लग्नकार्याला. दाराखालचा पत्रा गंजलेला. वर्षातून वीसदा भाड्याची गाडी केली तरी पुष्कळ पैसे उरतात. त्यांनी गाडी काढली आणि बरोबर केलं. दुरुस्ती करावी की नाही याचं उत्तर गाडीइतकंच माणसाच्या दिवसाच्या धावपळीत असतं.

दुरुस्तीच्या 19 दिवसांत सुट्टी लागेपर्यंत मला शाळेत एसटीनं जावं लागलं. मार्च 2023 पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, त्यामुळे खरा स्वस्त पर्याय एसटीच. पण फाट्यापासून शाळा तीन किलोमीटर आत, आणि उन्हात ते चालताना एसटीचा हिशेब वहीत का बसत नाही ते कळलं.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत. 2019 च्या जुलैनंतरच्या नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. माझी त्याच्या आठ वर्षं आधीची. राष्ट्रीय महामार्गावर ट्रकांच्या रांगेत गाडी चालवताना हा फरक मला जाणवतो, आणि तो दोन हजार विरुद्ध नऊ हजारांच्या वजाबाकीत येत नाही. यजमानांचं म्हणणं हेच होतं आणि ते खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून मधला मार्ग काढला. गाडी दुरुस्त करायची, पण तीनच वर्षांसाठी, आणि वाचणाऱ्या सात हजारांपैकी पाच हजार दर महिन्याला पोस्टात आवर्ती ठेवीत टाकायचे. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर 18 टक्क्यांवर आला, तेव्हा गणित पुन्हा मांडलं. अंतर थोडं कमी झालं, निर्णय तोच राहिला.

आठवा महिना या जानेवारीत भरला. गाडी दुरुस्तीनंतर साडेदहा हजार किलोमीटर चालली आहे, ऑइल दोनदा बदललं, दोन्ही वेळा काळं आणि स्वच्छ निघालं. नोंदणीची मुदत ऑगस्टमध्ये संपते. त्याआधी 60 दिवसांपासून अर्ज करता येतो. फी 5 हजार आणि तपासणी. मागचे बुश त्याच्या आधी बदलायचे आहेत. दर सोमवारी गाडी थंड असताना मी बॉनेट उघडते, कूलंटच्या बाटलीवरच्या दोन रेघांच्या मधे पाणी आहे का पाहते आणि खालच्या पाइपावरून एकदा हात फिरवते. तो पाइप 380 रुपयांचा आहे.