वाटाणा वाढला भराभर!

वाटाण्याला कोंब फुटलेला तुम्ही पाहिला असेल, पण फुटताना? तासभर टक लावून बसलात तरी काही हललेलं दिसणार नाही. १९१२ साली मुंबईत धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, यांनी मात्र वाटाण्याचं रोप पडद्यावर भराभर वाढवून दाखवलं!

कसं बरं? त्या काळच्या मूकपटात सेकंदाला साधारण १६ चित्रं पडद्यावरून सरकत. दादासाहेबांनी कुंडीसमोर कॅमेरा पक्का रोवला. एक चित्र घ्यायचं, थांबायचं, रोप जरा वाढू द्यायचं, मग पुढचं घ्यायचं. आता हिशेब करा. दर तासाला एक चित्र घेतलं, तर १६ तासांची वाढ एका सेकंदात दिसणार!

हा खटाटोप कशासाठी? लंडनहून कॅमेरा आणला होता, पण सिनेमा काढायला पैसे कुठे होते? वाटाण्याची गंमत पाहून पैसे देणारे तयार झाले. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. एवढंच नाही, फिल्मला भोकंही पाडली! कॅमेऱ्याचे दाते कडेच्या भोकांत अडकतात, तेव्हाच फिल्म पुढे सरकते. कोऱ्या फिल्मला ही भोकं नसत, आणि उजेड लागला की ती वाया. म्हणून सगळं काम मिट्ट अंधारात, चाचपडत. सरस्वतीबाईंचं नाव दादासाहेबांइतकंच मोठ्याने घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेबांचा सिनेमा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात हरिश्चंद्राची राणी तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण सिनेमात काम करायला बायका मिळेनात.

वाटाण्याची युक्ती दादासाहेबांनी सोडली नाही. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी चक्क आगकाड्या हलवल्या! काडी किंचित सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, एक चित्र टिपायचं. पुन्हा सरकवायची.

हे तुम्हीही करू शकता. काड्यांऐवजी बटणं घ्या आणि मोबाइल पुस्तकांच्या थप्पीत घट्ट बसवा. तो जरासाही हलला, तर बटणांबरोबर टेबलही नाचायला लागेल!