हिंगणीच्या थंडीतले पाहुणे ढग

पुण्या-मुंबईच्या माणसाला हिवाळ्यात आभाळ आले की बरे वाटते. ऊन मऊ होते, चहाची एक फेरी वाढते. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणीत मात्र डिसेंबरात ढग दिसले की माणसे अंगणात उभी राहून वर पाहतात, आणि त्या पाहण्यात कौतुक नसते. "आभाय आलं जी, आता तुरीचं काही खरं नाही," असे एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, तेव्हा वर तर पिंजलेल्या कापसासारखे चारच ढग होते. एवढ्याशा ढगांचे भय का वाटावे, हे कळायला ढग होतो कसा हे आधी पाहिले पाहिजे.

त्यासाठी स्वयंपाकघरात जावे. किटलीतले पाणी उकळू लागले की तिच्या तोंडापाशी बोटभर जागा मोकळी दिसते आणि त्यापुढे पांढरे लोट निघतात. मोकळ्या दिसणाऱ्या जागेत खरी वाफ असते. ती डोळ्यांना दिसत नाही. गार हवेत तिचे बारीक थेंब होतात, तेच आपल्याला दिसतात. आभाळातही हेच घडते. दमट हवा वर चढते, पसरते आणि थंड होते. कोरडी हवा तर दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी निवते. पण नुसत्या थंडीने भागत नाही, थेंबाला बसायला पाट लागतो. स्कॉटलंडच्या जॉन एटकिन यांनी १८८०च्या सुमारास काचेच्या दोन भांड्यांत वाफ सोडली. साध्या हवेच्या भांड्यात धुके दाटले. गाळून धूळ काढलेल्या हवेच्या भांड्यात काहीच दिसले नाही. धूळ, धूर, मिठाचे कण हेच ते पाट. मेघाच्या घटकांत कालिदासाने पाण्याबरोबर धूरही मोजला आहे, हे अशा वेळी आठवल्याशिवाय राहत नाही!

आता हिंगणीकडे वळू. सेलू तालुक्यातले हे गाव. जवळच बोर नदीवरचे धरण आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालेले बोरचे जंगल. समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर दूर. ऑक्टोबरात मोसमी वारे परतले की उत्तरेची कोरडी हवा येते. धूळ आहे, गारवा आहे, पण ओल नाही. म्हणून ढग नाहीत. आणि ढग नाहीत म्हणूनच कडाका! दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशाकडे सोडते. ढग असले तर ते त्यातली बरीच ऊब परत खाली पाठवतात, गोधडीसारखे. निरभ्र रात्री ही गोधडीच नसते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शेजारच्या नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता.

अशा रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवा जड, ती खालीच बसते. म्हणून संध्याकाळी शेकोटीचा धूर सरळ वर न जाता छपरांच्या उंचीवर आडवा पसरतो. ओल पुरेशी असली तर नदीकाठी पहाटे धुवारी उतरते. धुवारी म्हणजे तरी काय? जमिनीवर बसलेला ढगच.

मग थंडीत आभाळ येते कोठून? भूमध्य समुद्राकडून निघालेले वाऱ्यांचे आवर्त उत्तर भारतावरून पुढे सरकतात. वेधशाळा त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. त्यांच्यामुळे वाऱ्याची दिशा फिरली की बंगालच्या उपसागरावरची किंवा अरबी समुद्रावरची ओल विदर्भात ओढली जाते. हिंगणीत उणीव होती ती याच एका जिन्नसाची. आधी उंचावरचे विरळ ढग दिसतात, मागून दाट आभाळ येते.

नेमकी तेव्हा तूर फुलोऱ्यात किंवा शेंगांत असते. दमट, कोंदट हवेत फुले गळतात, कीड वाढते. हरभऱ्यावर घाटेअळी पडते. वेचणीला आलेला कापूस भिजला की त्याचा रंग जातो आणि भावही. क्वचित ढग उंच वाढतात. त्यांच्यातले वाऱ्याचे झोत थेंबांना गोठणाऱ्या उंचीवर नेतात, बर्फाचे थर चढत जातात आणि गारा होतात. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट विदर्भालाही झोडपून गेली. निरभ्र रात्र थंडीने छळते, ढगाळ दिवस किडीने. शेतकऱ्याने आभाळाकडे मागावे तरी काय?

आज उपग्रहाची चित्रे आहेत, नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे अंदाज आहेत. दोन दिवस आधी सूचना मिळाली तर वेचलेला कापूस झाकता येतो, फवारणी पुढे ढकलता येते. ढग मात्र अडवता येत नाही. जानेवारीत आपल्या गच्चीवरून असे आभाळ दिसले, तर त्याची शोभा अवश्य पाहावी. फक्त आपल्या वरणातली तूर त्या वेळी कोणाच्या तरी शेतात त्याच आभाळाखाली उभी आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.