अजून चार सेंटिमीटर!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ताई आणि भावजी ओंकारला घेऊन आमच्याकडे आले होते. ओंकार म्हणजे माझा भाचा. वय वर्षे सहा. "मावशी, मला मोठ्या गाडीत बसायचंय, उलटीपालटी होणाऱ्या!" असा त्याने आल्या दिवसापासून धोशा लावला होता. शेवटी एका रविवारी आम्ही सारे एका मोठ्या करमणूक उद्यानात गेलो. रोलर कोस्टरच्या रांगेत पाऊण तास उभे राहिलो. आमचा नंबर आला, आणि दाराशी असलेल्या मुलाने ओंकारला एका रंगीत खांबाशी उभे केले. खांबावर १२० सेंटिमीटरवर लाल रेघ होती. ओंकारचे डोके त्या रेघेच्या चार सेंटिमीटर खाली राहिले.

"ताई, बाळ यात बसत नाही अजून," तो मुलगा शांतपणे म्हणाला.

मी भांडले. खरे सांगायचे तर चांगलीच भांडले. "चार सेंटिमीटरने काय बिघडतं? आणि आम्ही बरोबर आहोत ना! मी त्याला घट्ट धरून बसते." त्यावर तो एवढेच म्हणाला, "धरून भागत नाही, ताई." मागच्या एका गृहस्थांनी आपल्या मुलीला जाड तळव्याचे बूट घालून आणले होते. त्या मुलाने तेही काढायला लावले. ओंकार रडला, मी चरफडले, आणि घरी येईपर्यंत त्या बिचाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पण "धरून भागत नाही" हे वाक्य डोक्यातून जाईना. सुट्टी संपल्यावर मी ग्रंथालयात आणि इतरत्र जे मिळेल ते वाचू लागले. त्यातून जे उमगले ते, मित्रमैत्रिणींनो, आपल्यापुढे ठेवते. कारण माझ्यासारखे भांडणारे आपल्यात पुष्कळ असतील.

एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून प्रवास केलेल्यांना रोलर कोस्टर समजावून सांगायला नको. गाडी खड्ड्यात गेली की बाक आपल्याखालून निघून जातो आणि आपण क्षणभर अधांतरी राहतो. रोलर कोस्टरमध्ये हाच खड्डा मुद्दाम, मोजून मापून बांधलेला असतो. चढाच्या माथ्यावरून गाडी रुळांबरोबर वेगाने खाली वळते. आपले शरीर मात्र आधीच्याच दिशेने, म्हणजे वर, जाऊ पाहते. त्या क्षणी आपल्याला गाडीत ठेवते ती मांडीवरची दांडी. उताराच्या तळाशी याच्या उलट घडते. तिथे शरीर आपल्या वजनाच्या तिप्पट-चौपट जड होते. ओंकारचे वजन वीस किलो. तळाशी तो साठ-सत्तर किलोचा होणार! एवढे ओझे कोणती मावशी एका हाताने सावरणार आहे? आणि तिचा हात तरी त्या क्षणी हलका कुठे असतो? तोही तिप्पट जड झालेला असतो. म्हणजे माणसाला माणसाने नव्हे, यंत्रानेच धरले पाहिजे.

आणि यंत्र धरते ते विशिष्ट मापाच्या शरीरालाच. दांडी मांडीच्या मुळाशी, कमरेलगत घट्ट बसावी लागते. मुलाच्या मांड्या बारीक आणि आखूड असल्या तर दांडी पूर्ण खाली येऊनही मध्ये पोकळी राहते, आणि मूल त्या पोकळीतून पुढे किंवा वर सरकू शकते. दोघांना मिळून एकच दांडी असेल तर प्रकार आणखी वाईट. ती दांडी थांबते मोठ्या माणसाच्या मांडीवर. शेजारच्या मुलासाठी ती जवळजवळ नसल्यासारखीच! म्हणजे ज्याच्या भरवशावर मुलाला बसवायचे, त्याच्याच अंगामुळे मूल मोकळे राहते. काही राइडमध्ये खांद्यावरून खाली येणारी चौकट असते. ती खांद्यावर टेकायला हवी. बुटक्या मुलाच्या ती कानाशी आणि मानेशी येते. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि मानेचे स्नायू कोवळे असतात. पाठीचा टेकू त्याच्या डोक्यापर्यंत नीट पोचला नाही तर प्रत्येक हिसका मानेला बसतो.

ही रेघ गेटवरचा मुलगा ठरवत नाही. ती राइड बांधणाराच आराखड्यावरून ठरवतो. उद्यानाने ती वर न्यावी, खाली आणू नये. अमेरिकेत मानके ठरवणाऱ्या ए.एस.टी.एम. संस्थेने १९७८ साली करमणुकीच्या राइडसाठी एफ-२४ नावाची स्वतंत्र समिती स्थापन केली. तिच्या मानकांत बैठकीच्या बंधनांचे पाच वर्ग आहेत. संथ राइडला काहीच बंधन नाही, तर सर्वांत जोराच्या राइडला एक निकामी झाले तरी दुसरे धरून ठेवील असे दुहेरी बंधन. युरोपातही यासाठी वेगळे मानक आहे.

म्हणूनच ही रेघ सगळीकडे सारखी नसते. कॅलिफोर्नियात १९५५ साली सुरू झालेल्या डिस्नेलँडमधल्या 'स्पेस माउंटन'ला ४० इंच, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर उंची लागते. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये याच नावाच्या राइडला ४४ इंच लागतात. नाव एक, अंधार एक. पण कॅलिफोर्नियात दोघे शेजारी शेजारी बसतात, फ्लोरिडात एकामागे एक. रूळ निराळे, बैठक निराळी, म्हणून रेघही निराळी. फ्लोरिडातल्याच युनिव्हर्सलच्या 'हल्क' नावाच्या कोस्टरला तर ५४ इंच, सुमारे १३७ सेंटिमीटर, उंची हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांप्रमाणे पाहिले तर ४० इंच ही सर्वसाधारण चार वर्षांच्या मुलाची उंची, आणि ५४ इंच दहा वर्षांच्या मुलाची.

मग सरळ वयच का विचारीत नाहीत? हा प्रश्न मलाही पडला होता. एक तर वय आईवडील सांगतील ते, आणि अर्ध्या तिकिटासाठी आपण मुलांची वये कशी सांगतो हे आपल्याला ठाऊक आहेच! पण खरे कारण वेगळे आहे. संघटनेचे २००६ चे तक्ते सहा देशांतील निरोगी मुलांची मापे घेऊन तयार झाले. त्यात दिल्लीची मुलेही होती. त्यांत पाच वर्षांच्या मुलाची मधली उंची ११० सेंटिमीटर आहे, पण १०१ पासून ११९ पर्यंतची मुलेही अगदी निरोगीच धरली आहेत. एकाच वाढदिवसाच्या दोन मुलांत वीतभर फरक! आपल्याकडे तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. नुसते वय पाहून मुलांना आत सोडले तर दांडी ज्यांना धरू शकत नाही अशी कितीतरी मुले आत जातील. दांडीला जन्मतारीख कळत नाही, माप कळते. समजूतदारपणाही अर्थात लागतोच. घाबरून मध्येच उठू न पाहण्याइतकी अक्कल मुलाला हवी. उंचीवरून तिचाही ढोबळ अंदाज येतो, पण अंदाजच.

उंची हे सोयीचे माप आहे, संपूर्ण नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे. मार्च २०२२ मध्ये फ्लोरिडातल्या ओरलँडो शहरात उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या एका राइडवरून चौदा वर्षांचा मुलगा पडून मरण पावला. तो सहा फुटांहून उंच होता. वजन मात्र त्या राइडच्या मर्यादेपेक्षा पुष्कळ जास्त होते. बैठकीचा सेन्सर हाताने बदललेला होता आणि खांद्यावरची चौकट नेहमीपेक्षा जास्त उघडी असतानाही राइड चालू झाली, असे तपासात आढळले. लहानांना धरत नाही तशी दांडी फार मोठ्यांनाही धरत नाही. प्रश्न शेवटी एकच: हे शरीर या बैठकीत बसते का?

हे सारे वाचता वाचता मला आमच्या गावची जत्रा आठवली. मी पाच वर्षांची असेन. आकाशपाळण्यात बाबा, मी आणि आत्या अशी बसलो होतो, मी मध्ये. पुढे एकच आडवी लोखंडी दांडी, तीही बाबांच्या पोटावर टेकलेली. तिथे ना खांब होता, ना रेघ. पाळणा वर जाऊन खाली येऊ लागला तशी मी बाकावरून पुढे घसरले. आत्याने माझा फ्रॉक पाठीमागून मुठीत पकडला आणि खाली येईपर्यंत सोडला नाही. बाबा ही गोष्ट अजून हसत हसत सांगतात. आत्या मात्र हसत नाही. ती उठून आत जाते. इतकी वर्षे मला वाटत होते की आत्या उगीच मनाला लावून घेते. आता कळते, की त्या दिवशी आत्याच्या मुठीपेक्षा पाळण्याची संथ चालच माझ्या कामी आली. रोलर कोस्टर असता तर ती मूठ पुरली नसती. "धरून भागत नाही, ताई," म्हणणारा तो मुलगा मला माझ्याच बालपणाची गोष्ट सांगत होता, आणि मी त्याच्याशी भांडत होते.

आपल्या घरात 'नाही' म्हणणाऱ्याला आपण कठोर समजतो. रांगेत पाऊण तास उभ्या राहिलेल्या, तिकीट काढलेल्या माणसांना दिवसभर 'नाही' म्हणत राहणे सोपे नसते. त्याने एकदा काणाडोळा केला असता तर ओंकार हसला असता, मीही त्याला भला माणूस म्हटले असते. पण दांडीने काणाडोळा केला नसता.

ओंकारच्या घरी स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याच्या आजोबांनी पेन्सिलीने एक रेघ मारली आहे, १२० सेंटिमीटरवर. या वयाची मुले वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतात. मागच्या रविवारी फोनवर त्याने सांगितले, "मावशी, आता फक्त एक बोट राहिलं!" येत्या दिवाळीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. दाराशी तोच मुलगा भेटला तर त्याची माफी मागायची आहे.